गोवर्धनभाऊंचं कर्नेल

वर्ध्याकडच्या जाम गावच्या चौरस्त्यावर ज्या दुकानाच्या माडीवर मी भाड्याने राहत होते, त्या दुकानात सगळं मिळायचं. पंपाचे फुटवॉल, मोटरचे पट्टे, कोळपणीच्या डवऱ्याची पास, ताडपत्री, बैलांच्या घंटा, ट्रकवाल्यांसाठी साखळ्या. मिळायचं नाही ते फक्त 'नाही'. दुकानाचे मालक गोवर्धनभाऊ यांच्या तोंडून हा शब्द मी कित्येक वर्षं ऐकला नव्हता, आणि मी काही कानाने अधू नव्हते.

माल संपलेला असला की ते म्हणायचे, "माल रस्त्यात हाय." दुकानासमोरच नागपूर-हैदराबादचा हायवे. त्यामुळे गिऱ्हाईकही मान वळवून रस्त्याकडे पाहायचं. गंमत म्हणजे एवढं बोलून ते मोकळे होत नसत. गिऱ्हाईक पाठमोरं झालं की हिंगणघाटच्या एसटीच्या कंडक्टरला गाठून निरोप द्यायचे आणि संध्याकाळपर्यंत माल खरोखरच रस्त्यात असायचा.

मी एकदा न राहवून विचारलं, "सरळ नाही म्हणायला काय होतं हो तुम्हाला?"

"गादीवर बसून नाई म्हनाचं नसते, मॅडम," ते म्हणाले. "बाबूजीनं सांगितलं आमच्या. घरात तांदूळ सरले तं बाया सरले म्हनतात का? वाढले म्हनतात. दुकानाचं बी तसंच हाय."

बुटकी, गोल मूर्ती. पांढरा पायजमा, कानामागे पेन्सिल, आणि हातात कायम एखादा नट. बोलताना तो बोटांतून असा फिरत राहायचा की बघणाऱ्यालाच चक्कर यावी. न बघता त्याचं माप सांगायचे. माणूस समोर बसला की त्याचं माप मात्र काढत नसत, सगळ्यांना सारखाच हो.

आता गादीवरची रीत गादीवर राहिली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण ती यांच्यासोबत उठून गावभर हिंडायची. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलना हो. एका मुहूर्तावरच्या सगळ्या लग्नांना "येतो ना". माझ्याकडच्या सत्यनारायणाला दरवर्षी "हो हो, येतो ना, मॅडम", आणि येणं नाही. वर जिना तेवढा चढायचा होता. पहिल्या वर्षी मी त्यांच्या वाटचा प्रसाद वाटीत झाकून ठेवला आणि रात्री मुंग्यांच्या तावडीतून सोडवून माझ्या लेकीला दिला. त्यांच्या बायकोला, कांताभाभींना, हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ह्यायचा हो मोजत नका जाऊ, मॅडम. तो नुसता नमस्कार हाय." तेव्हापासून मी वाटी झाकणं बंद केलं.

मी जवळच्या ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. नवरा नोकरीला चंद्रपूरला, त्यामुळे मी, लेक आणि खाली हे दोघं, असा आमचा संसार. भाभी मला बहिणीसारख्या होत्या, म्हणून पुढची भानगड मला पहिल्यांदा त्यांच्याकडूनच कळली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नागपूरहून एक टेम्पो आला आणि त्यातून एक जुना कंप्यूटर उतरला. पाठवणारे रामेश्वरजी, भाऊंचे थोरले बंधू. बाबूजींच्या मागे त्यांनीच भाऊंना लहानाचं मोठं केलेलं. नागपुरात त्यांचं पाइप-नळांचं मोठं दुकान होतं. त्यांनी ठरवलं होतं की दिवाळीनंतर जामचं दुकान कायमचं बंद करायचं आणि गोवर्धनने नागपूरच्या काउंटरवर येऊन बसायचं. तिथे बिलं कंप्यूटरवर निघतात, तेव्हा तोवर हात बसावा म्हणून हा डबा. भाऊ काय म्हणाले असतील ते सांगायला नको. "हो, दादा."

त्या दिवशी भाभी वर आल्या आणि माझ्या ओट्याशी टेकून उभ्या राहिल्या. "ह्यायचं मन नाई हाय जायचं," त्या म्हणाल्या. "जेवण कमी झालं ह्यायचं. कालपासून तेच ते नट मोजून राह्यले. पण हो म्हनून बसले ना आता."

"मग तुम्ही सांगा मोठ्या भाऊजींना."

"मी बोलली तं म्हनतीन, बायकोचं आयकते. ह्यायलेच बोला लागते. अन् हे कायचे बोलतात?"

मला राग आला, खरं सांगते. ज्याला आपलं दुकान वाचवायलाही 'नाही' म्हणता येत नाही त्या माणसाची कीव करावी की त्याला हलवावं, कळेना. मी दोन्ही केलं नाही. मी खाली जाऊन कंप्यूटर पाहिला.

मशीन अगदीच म्हातारं होतं. स्मृती इतकी तोकडी की विंडोज उघडताना चहा पिऊन व्हायचा आणि बंद करताना दुसरा. माझ्याकडे एका मासिकाबरोबर फुकट आलेली, विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सची सीडी पडून होती. मला ते शिकायची फार खाज, आणि मशीन दुसऱ्याचं. असा योग पुन्हा कुठला यायला! मी भाऊंना म्हटलं, टाकून पाहू का? अर्थात म्हणाले, "हो, टाका ना."

टाकलं, चाललं, पण रखडत. मासिकात लिहिलं होतं की सीडीवरचं कर्नेल, म्हणजे मशीनचा सगळा कारभार सांभाळणारा गाभा, हे जगातल्या झाडून सगळ्या मशिनींना चालावं म्हणून भरगच्च बनवलेलं असतं. ज्याने त्याने आपल्या मशीनपुरतं स्वतः बनवून घ्यावं, ते हलकं होतं. हे वाचून दाखवल्यावर भाऊ पहिल्यांदा सरसावून बसले. "म्हंजे आपल्या गिऱ्हाइकापुरता माल," ते म्हणाले. "हे बनवू, मॅडम. हे बनवूच."

रविवारी दुपारी अर्धं शटर ओढून आम्ही बसलो. दोघंही सारखेच अडाणी, फक्त मला इंग्रजी वाचता येत होतं, तेवढीच माझी मास्तरकी. कर्नेल बनवायच्या आधी मशीन तुम्हाला प्रश्न विचारतं. अमुक वस्तू आत घालू का? एकामागून एक, शेकड्यांनी. उत्तर एका इंग्रजी अक्षराचं: हो किंवा नाही. काही ठिकाणी तिसरं एक, त्याचं पुढे सांगते. आणि मागे फिरायची सोय नाही. चुकलात तर पहिल्या प्रश्नापासून सुरुवात.

मी वाचायची, भाऊ कळ दाबायचे.

"जॉयस्टिक. खेळायचा दांडा. हवाय?"

"हो."

"भाऊ, आपल्याकडे नाही तो."

"कोनी आनला तं?"

"हॅम रेडिओ."

"तो काय असते?"

"हौशी लोक घरातून वायरलेसवर बोलतात. जाममध्ये कोणी आहे का असं?"

"हायवे हाय, मॅडम. कोन केव्हा येईन, सांगता येते का?" आणि हो.

दुसऱ्या कंपन्यांच्या मशिनींशी बोलायची भाषा, हो. कधी न पाहिलेल्या डिस्का, हो. मी थकून नुसतं वाचत राहिले. भाऊ मात्र खुशीत होते. इतक्या गिऱ्हाइकांना एका बैठकीत त्यांनी कधी हो म्हटलं नव्हतं.

मग मशीन बनवायला लागलं. पडद्यावर ओळी सरकायच्या, आतून डिस्क कुरकुरायची. लाइट गेली की सगळं ठप्प. पण परत सुरू केलं की जिथे थांबलं होतं तिथून पुढे. हे भाऊंना फार आवडलं, "इमानदार हाय," म्हणाले. भाभींनी मशीनला हळदकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळं होत आलं असताना, शेवटी एक ओळ आली. कर्नेल फार मोठं झालंय, मावत नाही.

मी हसले. भाऊ हसले नाहीत. नट फिरवत पडद्याकडे पाहत राहिले. "कोनालेच नाई म्हटलं नाई," ते म्हणाले, "अन् आता हे म्हनते जागा नाई."

पुढच्या रविवारी ते तिसरं उत्तर त्यांना सापडलं. होही नाही आणि नाहीही नाही, वस्तू वेगळी बनवून बाजूला ठेवायची, लागली की आत आणायची. मी हे समजावत होते तोच त्यांनी गुडघ्यावर थाप मारली. "गोडाऊन!" आणि मग काय विचारता. जॉयस्टिक गोडाऊनमध्ये, हॅम रेडिओ गोडाऊनमध्ये, ज्याला ज्याला म्हणून तसं ठेवता येत होतं ते सारं गोडाऊनमध्ये. कोणाला दुखवायला नको आणि गादीवर गर्दीही नको. मला तर वाटलं, या मशीनने त्यांच्या स्वभावाला एक पळवाटच काढून दिली. दोन दिवस ते बनत होतं, आणि शेवटी डिस्क भरली म्हणून थांबलं.

कांताभाभी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांना मी काय झालं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमचा माळा पाहा एकदा वर चढून. बाबूजीच्या वक्ताचं सामान हाय. कोनी मागाले येईन म्हनून ठेवलं." भाऊ चहा बशीत ओतून प्यायले.

तिसऱ्या खेपेला मी वैतागून एक सोय दाखवली जी आम्ही तोवर वापरलीच नव्हती. उत्तर देण्याऐवजी प्रश्नचिन्ह दाबलं की मशीन स्वतःच सांगतं, ही वस्तू काय, कोणासाठी, तुम्हाला लागेल का. भाऊंनी दाबलं. मी वाचलं. खाली शेवटची ओळ होती, तिचं मराठी करून सांगितलं: शंका असेल तर नाही म्हणा.

"काय म्हटलं?"

"शंका असेल तर नाही म्हणा."

"पुन्हा वाचा."

वाचलं. त्यांनी पुढच्या वस्तूवर प्रश्नचिन्ह दाबलं, तिथेही शेवटी तीच ओळ. त्याच्या पुढच्या वस्तूवरही. त्यांनी नट खाली ठेवला. मग हळू म्हणाले, "आमच्यात शंका असली का हो म्हनतात, मॅडम. पक्कं असलं तरच थोडं थांबतात."

त्या दिवशी त्यांनी पहिलं 'नाही' दाबलं. जॉयस्टिकला. दाबताना पुटपुटले, "माफ करजो." हॅम रेडिओला, "माफ करजो, बावा." मला हसू येत होतं. दहा-बारा नकारांनंतर माफी बंद झाली. आणखी थोड्या वेळाने हात असा बसला की मी वाक्य पुरं करायच्या आत नाही. मी म्हटलं, अहो, आधी प्रश्नचिन्ह. पण ऐकतात कशाला. जन्मभराचं साठलेलं होतं.

ते कर्नेल छान बनलं. लहान, हलकं. सुरू केलं, भराभर ओळी आल्या, आणि मशीन दगड होऊन बसलं. आपली डिस्क आपल्याला वाचता येत नाही, म्हणालं. भाऊंनी भरात डिस्कच्या वस्तूलाच नाही म्हटलं होतं. नशीब, जुनं कर्नेल बाजूला राखून ठेवायचं असं मासिकात ठळक लिहिलं होतं आणि तेवढं आम्ही ऐकलं होतं, म्हणून परत आत शिरता आलं.

"आपल्याच घराले कुलूप लावलं मी," भाऊ म्हणाले, आणि या वेळी खदखदून हसले. मग खुर्ची पुढे ओढली. "चाला. आता एकेकाले विचारून."

त्या बैठकीत घाई नव्हती. प्रश्नचिन्ह, वाचन, विचार, मग उत्तर. प्रिंटर गोडाऊनमध्ये, कारण तो कधीमधीच लागणार. डिस्क, हो. कीबोर्ड, हो. बाकी गर्दीला शांतपणे नाही. जे बनलं ते सुरू झालं, आणि ज्या मशीनपुढे आम्ही चहावर चहा पीत होतो ते सुपारी फोडेपर्यंत तयार होऊन उभं. भाऊंनी भाभींना हाक मारली. "पाह्य. आपल्या घरापुरतं." आणि मला म्हणाले, "हलकं वाटून राह्यलं, मॅडम." मशीनबद्दलच बोलत असावेत असं मी धरून चालले.

दिवाळीच्या आधी रामेश्वरजी आले. भाभींनी मला निरोप धाडला, तुम्ही येऊन बसजा. मी गेले. सफारीतले रुबाबदार गृहस्थ, माणूस वाईट नव्हता. धाकट्या भावाला ते खरोखरच जपत होते, अडचण तीच होती. पोहे झाले, चहा आला. त्यांनी विषय काढला, "मंग गोवर्धन, सामान कधी बांधतं? टेम्पो पाठवतो मी."

भाऊंच्या बोटांत नट फिरत होता. भाभी दारात उभ्या. मी चहाच्या कपात पाहत होते.

"दादा," भाऊ म्हणाले, "तिथं माह्यं काम काय राहीन?"

रामेश्वरजी हसले. इतक्या वर्षांत त्यांना असा प्रश्न या तोंडून आला नसावा. "काम कायचं? काउंटरवर बसजो. आल्यागेल्याले चहा विचारजो. तू कोनाले नाई म्हनत नाई, मले तसाच मानूस पाहिजे तिथं."

नट थांबला.

"नाई, दादा."

"काय नाई?"

"मी येत नाई. दुकान इथंच राहू द्या."

बाहेर एक ट्रक गिअर बदलत चढावर लागला. "तू तं हो म्हटलतं," रामेश्वरजी म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं.

"म्हटलतं. मी सगळ्याइलेच म्हनतो. तुमाले बी तसंच म्हटलं, ते चुकलं माह्यं. आता विचार करून सांगून राह्यलो."

रामेश्वरजींनी चहा संपवला. रुमालाने ओठ टिपले. मग उठता उठता कोपऱ्यातल्या मशीनकडे पाहून म्हणाले, "मंग हे परत घेऊन जाऊ का?"

"नाई," भाऊ म्हणाले. हा दुसरा नकार इतका चटकन आला की भाभींना पदर तोंडाला लावावा लागला.

ती दिवाळी दोन्ही भावांची वेगवेगळी झाली. भाऊ उदास होते, ते मी लपवणार नाही. लक्ष्मीपूजनाला नागपूरच्या फोनची वाट पाहत बसले होते. फोन संक्रांतीला आला. फोन ठेवल्यावर ते जिना चढून वर आले, पहिल्यांदाच, आणि माझ्या हातावर तिळगूळ ठेवून गेले.

दुकानात आता 'नाही' ऐकू यायला लागलं. सुरुवातीला लोक बुचकळ्यात पडायचे. एका शेतकऱ्याने तर मला जिन्यात थांबवून विचारलं, भाऊची तब्येत बरी नाई का म्हणून. पण भाऊंचं नाही कोरडं नसे. "नाई हाय. समुद्रपूरले भेटन, डाव्या हाताच्या दुकानात." माणूस सरळ तिकडे जायचा, त्याची खेप वाचायची. पुढच्या सत्यनारायणाला मी बोलावलं तर म्हणाले, "येत नाई, मॅडम, माल उतरवाचा हाय." त्याच्या पुढच्या वर्षी म्हणाले, "येतो," आणि भटजींच्या आधी येऊन पाटावर बसले. त्या वर्षी प्रसादाची वाटी मी त्यांच्या हातात दिली.

मग मला अमरावतीला नोकरी मिळाली आणि आम्ही जाम सोडलं. फोन व्हायचे, कमी होत गेले, जसं होतंच.

बऱ्याच वर्षांनी चंद्रपूरहून नागपूरला जाताना एसटी जामला थांबली. रस्ता खूप रुंद झाला होता. दुकान होतं. मी उतरून गेले. भाऊ गादीवर होते, पण पायजम्यात माणूस अर्धाच उरला होता. मूत्रपिंडाचं दुखणं, वर्ध्याच्या दवाखान्यात मशीनवर रक्त साफ करायला जावं लागत होतं. बोटांत नट होता, सावकाश फिरत होता. कोपऱ्यात तोच डबा, हळदकुंकवाचा डाग तसाच.

"चालतो?"

"चालते ना. लोक म्हनतात नवा घ्या. कायले? आपल्यापुरता हाय."

मी म्हटलं, "लेकीचं लग्न ठरलंय वैशाखात. तुमच्या हातचा तिळगूळ खाऊन मोठी झाली ती. दोघांनी यायचं, काही सांगू नका."

नट थांबला. माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं जसं पूर्वी पडद्याकडे पाहायचे, प्रश्नचिन्ह दाबून झाल्यावर.

"तुमची भाभी येईन," ते म्हणाले. "मी नाई येत, मॅडम."

"असं काय बोलता? वैशाखाला वेळ आहे अजून. बरं वाटेल तोवर."

"पयले म्हटलं असतं हो. तुमाले कायले खोटं सांगू?"

कंडक्टरने बेल दिली. मी खिडकीशी बसले तेव्हा दुकानात एक ट्रकवाला काहीतरी मागत होता. भाऊंनी मान हलवली आणि हात लांब करून त्याला हिंगणघाटची दिशा दाखवली.

होळीच्या सुमारास ते गेले. लग्नाला भाभी येतील असं मी धरलं नव्हतं, दुःख ताजं होतं आणि लोकही नावं ठेवतात. पण मांडवाच्या दारात त्या उभ्या होत्या, एकट्याच, हातात पिशवी.

मी धावत गेले. "भाभी, तुम्ही कशाला एवढा त्रास घेतला?"

"ह्यायनं म्हटलं होतं ना तुमाले, भाभी येईन," त्या म्हणाल्या. "म्हनून आली."